कोपरा फाडलेले कार्ड

जबलपूर,
ता. ३ डिसेंबर १९३७

चि. अच्युत यास अनेक आशीर्वाद.

मला पत्रे लिहिण्याची हौस नाही, हे तुला ठाऊक आहे. आज लिहिणे भाग पडले याचे कारण असे की तुझे वडील जिवंत आहेत, आणि त्यांच्या दहनाविषयी तू पाठवलेली तार त्यांनी स्वतः वाचली आहे.

तार शुश्रूषागृहाचे व्यवस्थापक दिवाकरराव यांच्या नावे होती. त्यांना इंग्रजी बेताचेच येते, म्हणून तेथे येणारी प्रत्येक तार ते भाऊरावमामांकडून, म्हणजे तुझ्या वडिलांकडूनच, वाचून घेतात. मामांनी चष्मा पुसून ती वाचली, "नागपूरला सगळे खुशाल आहेत," असे सांगितले आणि उशाखाली ठेवून दिली. रजा मिळत नाही, येणे अशक्य, तरी सर्व विधी आपल्याकडूनच उरकून घ्यावेत, असा तिचा मजकूर. निदान अस्थी न्यायला तरी मुलगा येईल, म्हणून ते वाट पाहत बसले. कोणी आले नाही तेव्हा त्यांनी जेवण सोडले. शकु नावाची परिचारिका ताट घेऊन गेली तर म्हणाले, "मेलेल्या माणसाला ताट काहून वाढून राहिली? मला पिंड लागतो." तेव्हापासून ते नुसत्या ताकावर आहेत. दिवाकरराव घाबरून माझ्या दारात आले आणि मला शाळेची नोकरी सोडल्यावर प्रथमच कोणाला तरी रागवायला जावे लागले.

घोटाळा कसा झाला तेही कळवते. मरणाची खबर देणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडायचा, हा इकडचा रिवाज. तसले कार्ड कोणी उंबऱ्याच्या आत नेत नाही. बाहेरच फाडून टाकतात आणि अंघोळ करतात. शुश्रूषागृहातल्या म्हाताऱ्यांच्या साध्या कार्डांना उत्तरे येईनाशी झाली, तेव्हा ही युक्ती मामांनी काढली. पहिला प्रयोग पुंडलिकराव नावाच्या गृहस्थांवर झाला. कार्ड पोचताच कुंडमहून त्यांचे सारे पुतणे बैलगाडीत सरणाची लाकडे भरून रडत आले. पुंडलिकराव ओसरीत पत्ते खेळत होते. लाकडे परत नेणे अशुभ, म्हणून पुतण्यांनी ती मुदपाकखान्याला दिली. सध्या संस्थेचा स्वयंपाक पुंडलिकरावांच्या सरणावर होतो आणि ते स्वतः दोन्ही वेळ पोटभर जेवतात.

एवढे यश पाहिल्यावर सगळ्यांनीच कोपरे फाडून घेतले. पोस्टाच्या मते आता या संस्थेत कोणीही हयात नाही.

मी मामांना विचारले, "पण तुम्ही कार्डावर लिहिलं काय होतं?"

"काय लिहीन? मी ठीक आहे, तू ये, एवढंच."

ते तू वाचले नाहीस. आता हे वाच आणि नीघ.

विनता

*

नागपूर,
ता. ७ डिसेंबर १९३७

ती. विनताताईस शि. सा. नमस्कार वि. वि.

आपले पत्र पोचले. वाचून जो आनंद झाला त्याचे वर्णन करता येत नाही. सुनेचे कर्तव्य म्हणून इंदूने बाबांच्या तसबिरीला हार घातला होता. तो काढावा की राहू द्यावा हे तिला कळेना, म्हणून तिने तूर्त अर्धा काढला आहे.

ताई, आम्ही काही कमी केले नाही. मी क्षौर केले. गुरुजींनी दहावा यथासांग केला. फक्त कावळा शिवेना. मी हात जोडून एकेक कबूल करत गेलो. दरसाल श्राद्ध करीन, ब्राह्मणभोजन घालीन, त्यांचे खिशातले घड्याळ विकणार नाही, आंब्याच्या झाडाला पाणी घालीन. एक कावळा जवळ आला, त्याने माझ्याकडे नीट पाहिले आणि तो शेजाऱ्यांच्या पिंडाकडे गेला. अखेर दर्भाचा कावळा करून काम भागवले. त्या वेळी मला फार लागले होते. आता वाटते, पक्ष्याला वस्तुस्थिती माहीत होती.

येण्याविषयी म्हणाल तर अडचण अशी. सुतकाची रजा संपली. आमचे हेडक्लार्क गणपतराव म्हणतात, "ज्या वडिलांच्या मरणाची रजा घेतलीत, त्यांच्या भेटीची रजा मी कोणत्या सदरात घालू?"

मला स्पष्ट वाटते की दोष त्या संस्थेचा आहे. जिवंत माणूस मेल्याचे कार्ड टाकतो आणि व्यवस्थापकास पत्ता नाही, तेथे देखभाल ती काय होत असेल? आपण सुशिक्षित आहात, निर्भीड आहात. कृपा करून संस्थेची कसून तपासणी करावी व अन्न, स्वच्छता, शुश्रूषा यांविषयी अहवाल द्यावा. तो पाहून बाबांना तेथे ठेवावे की नाही हे मी ठरवीन.

आपला,
अच्युत

*

जबलपूर,
ता. १२ डिसेंबर १९३७

चि. अच्युत यास आशीर्वाद.

तारेत तू म्हणतोस, रजा मिळत नाही. पत्रात म्हणतोस, सुतकाची रजा मिळाली होती आणि ती संपली. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकले त्याला पाव शतक झाले, तरी यांतले एकच खरे असू शकते एवढे मला अजून समजते.

तपासणी केली. तू सांगितलीस म्हणून नव्हे. मुंडण केलेले इतके नातेवाईक फाटकातून आत येऊन जिवंत माणसाच्या गळ्यात पडू लागले की नेपियर टाउनात बोलवा झाला, या जागी माणसे टिकत नाहीत. तेव्हा संस्थेचे अध्यक्ष भय्यासाहेब वकील यांनीच मला विनंती केली आणि बरोबर आले.

कळवून गेलेल्या तपासनीसाला शिराच दिसतो, हे मी शाळेत असताना शिकले. म्हणून न कळवता गेले आणि रिकाम्या पलंगावर रुग्ण म्हणून झोपले. चादर धुतलेली होती. उशीला तेलाचा वास नव्हता. मटारची उसळ चांगली, भात थोडा गिचका. दुपारी घंटा होते आणि सर्वांना एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर करतात. ज्यांना स्वतः वळता येते त्यांनाही. शकु माझ्या पलंगाशी आली तेव्हा मी म्हटले, "मी तपासणीला आले आहे."

"हौ दीदी, सगळेच असं म्हणतात," ती म्हणाली आणि तिने मला वळवले. मुख्याध्यापिका होते हे सांगितल्यावर तिने पाठीला उशी लावली. मला झोप लागली. ती अहवालात धरावी की नाही हे मी अजून ठरवलेले नाही.

भय्यासाहेबांचे वेगळेच झाले. पगडी नीट करायला ते शेजारच्या पलंगावर टेकले. एक सेवक आला, त्याने पगडी काढून खुंटीला लावली आणि डोक्याला तेल चोळू लागला. भय्यासाहेब दोनदा "अहो, मी अध्यक्ष" म्हणाले. सेवक म्हणाला, "अच्छा बाबा, चलो, डोळे मिटा." मी जागी झाले तेव्हा ते खिचडी खात होते. घरी जाताना मला हळूच म्हणाले, "बाई, माझ्या डोक्याला कोणी तेल लावून किती वर्षं झाली असतील." आता ते बैठकीच्या नावाखाली रोज दुपारी येतात आणि घंटा झाली की वळतात.

दोष आहेत, ते मी लेखी दिले आहेत. न्हाणीघराची कडी बाहेरून आहे. औषध सर्वांना एकाच रंगाचे. आणि दिवाकरराव रुग्णांना इतके भितात की उशाखाली काय आहे ते पाहत नाहीत. एकंदरीत माझे मत असे, की माझ्या घरी माझी एवढी देखभाल होत नाही, आणि तुझ्या घरी मामांची झाली नसती. एकच गोष्ट तेथे मिळत नाही. ती संस्थेने पुरवायची नसते.

तुझे पत्र मामांना वाचून दाखवले. कावळ्यापाशी त्यांनी थांबवले.

"काय काय कबूल केलं म्हणते?"

मी सगळे सांगितले.

"अन् येतो म्हटलं का?"

"नाही."

"मग कावळा कसा शिवंल? तो काय घड्याळ घालणार आहे?"

अजून अन्न घेत नाहीत. ताकही आता अर्धे ठेवतात. मी रागावून पाहिले. ते म्हणाले, "विनू, तू लहानपणापासून रागावूनच राहिली. मेलेल्यावर काय रागावतेस?"

तू ठेवावे की न ठेवावे ते ठरवणार होतास. अहवाल दिला. ठरव.

विनता

*

नागपूर,
ता. १५ डिसेंबर १९३७

ती. विनताताईस शि. सा. नमस्कार वि. वि.

अहवाल वाचून समाधान झाले. तेव्हा बाबांना तेथेच ठेवावे हे उत्तम. मी तर आजच निघालो असतो, पण नवीनच पेच निर्माण झाला आहे.

आमच्या गुरुजींना विचारले. ते म्हणाले, ज्याचा दहावा झाला तो शास्त्राने मृत. तो उठून आला तरी त्याचे तोंड पाहता येत नाही, त्याच्या पंक्तीस बसता येत नाही. आधी त्याचा पुन्हा जन्म व्हावा लागतो. म्हणजे तुपाने स्नान, जातकर्म, बारसे, सगळे नव्याने. मी म्हटले, "गुरुजी, ते शहात्तर वर्षांचे आहेत." ते म्हणाले, "म्हणूनच लवकर करा."

गुरुजींचा शब्द मोडून मी आलो आणि काही विपरीत घडले, तर तो दोष बाबांच्याच माथी. तरी हे शास्त्रोक्त कसे जमवावे याचा विचार चालू आहे. पुढच्या चैत्रात मुहूर्त चांगले आहेत. तोवर बाबांना म्हणावे, चार घास खात जा. इंदू आंब्याचे लोणचे पाठवते आहे. त्यांना आवडते, म्हणजे आवडत असे. आपण काय म्हणायचे ते समजत नाही.

आपला,
अच्युत

*

जबलपूर,
ता. १८ डिसेंबर १९३७

अच्युत,

चैत्रापर्यंत तुझे वडील राहणार नाहीत. हे मी शास्त्राने नव्हे, डॉक्टरांना विचारून लिहिते. काल ताकही परत पाठवले.

तुझे गुरुजी म्हणतात ते मी इथल्या चिंतामणीशास्त्र्यांना विचारले. माझा यावर विश्वास नाही. पण कुलूप त्यांचे असेल तर किल्लीही त्यांच्याकडेच मागावी. त्यांनी पोथी पाहिली आणि सांगितले की पुनर्जन्माचे विधी होतात, एका दिवसात होतात, आणि ज्याने क्रिया केली त्यानेच ते करायचे. म्हणजे तू. त्या दिवसापुरता तू मामांचा बाप. बापावाचून बारसे होत नाही. आणि मी तुझी आतेबहीण, तेव्हा बाळाची आत्या मी. नाव ठेवण्याचा अधिकार माझा, आणि मी तारीखही ठेवली आहे. २६ डिसेंबर. नाताळात कचेऱ्या बंद असतात. गणपतरावांच्या कोणत्याही सदराची गरज नाही.

तयारी झाली आहे. कुंचीसाठी बड्या फुहाऱ्याच्या बाजारात कापड घ्यायला गेले. दुकानदार म्हणाला, "बच्चा कितने महीने का है, दीदी?" मी म्हटले, "छिहत्तर साल का." त्याने गुपचूप गजभर कापड जास्त फाडले. पाळण्याऐवजी ओसरीवरचा झोपाळा धरला आहे. घुगऱ्या पुंडलिकरावांच्या उरलेल्या लाकडांवर शिजतील. त्यांनी आनंदाने परवानगी दिली. भय्यासाहेब पाळणा म्हणणार आहेत. त्यांना कोणी सांगितलेले नाही.

मामांना हे सांगितले तर म्हणाले, "बाप येणार असंल तर जन्म घेतो. नाहीतर पोरका काहून होऊ?"

तूप फार लागणार नाही. मामा आता अगदी थोडे राहिले आहेत.

तू आला नाहीस तर यापुढचे कार्ड मी लिहीन. त्याचा कोपरा मी स्वतः फाडीन, आणि ते कार्ड खरे असेल.

विनता

*

नागपूर,
ता. २१ डिसेंबर १९३७

ताई,

२४ तारखेच्या गाडीने निघतो. गोंदियाला छोटी गाडी पकडून २५ला पोचेन.

एक गोष्ट तुम्हाला आधीच कळली असेल, पण मी लिहायला हवी. ते कार्ड आले तेव्हा मी उंबऱ्यावर होतो. फाटका कोपरा पाहिला, तसे अक्षरही पाहिले. पत्ता बाबांच्या हातचा होता. जन्मभर कोर्टात नाझर होते ते, त्यांचे अक्षर कोणाला ओळखू येत नाही? मी मनाशी म्हटले, त्यांनी पत्ता आधीच लिहून ठेवला असेल, त्यांना तशी सवय आहे. आणि पटकन फाडले. मजकूर वाचला असता तर जावे लागले असते.

बाबांचा पाय मोडला तेव्हा मी त्यांना तिथे ठेवून निघालो आणि म्हणालो होतो, पुढच्या महिन्यात न्यायला येतो. त्याला तिसरे वर्ष लागले. महिना उलटला तेव्हा जाणे अवघड वाटले, वर्ष उलटल्यावर फारच अवघड. मेलेल्या माणसाला उत्तर द्यावे लागत नाही, एवढेच त्या दिवशी मला सोपे वाटले.

बाप कसे व्हायचे असते, मला ठाऊक नाही. मुलगा कसे व्हायचे तेही जमलेले नाही.

अच्युत

*

जबलपूर,
ता. २६ डिसेंबर १९३७

चि. सौ. इंदूस अनेक आशीर्वाद.

अच्युत काल पोचला. तसबिरीवरचा उरलेला हार काढून टाक.

फाटकाशी त्याचे पाय अडले. शकुने त्याचे अर्धवट वाढलेले केस पाहिले आणि नेहमीच्या सरावाने म्हणाली, "रडू नका भैया, ते जिते आहेत. सगळेच जिते आहेत." तो तरीही रडला. मामांनी तोंड भिंतीकडे केले होते. तेवढ्यात दुपारची घंटा झाली आणि शकुने रिवाजाप्रमाणे त्यांना या कुशीवर वळवले. अशा रीतीने बापलेकांची भेट झाली. घंटेविषयी मी अहवालात वाईट लिहिले होते. ते वाक्य आज खोडले.

मामा म्हणाले, "केस काहून कापले रे? बरे होते."

"तुमच्यासाठीच कापले, बाबा."

"मला विचारायचं होतं."

आज बारसे झाले. चिंतामणीशास्त्र्यांनी सांगितले तसे अच्युतने तूप लावले, स्नान घातले. मामांनी कुंची घालायला नकार दिला, मग थंडी आहे असे शकुने सांगितल्यावर घातली. झोपाळ्याला अच्युतने झोके दिले. भय्यासाहेबांनी पाळणा म्हटला आणि सगळे म्हातारे शेवटच्या ओळीला साथ देत होते. मी आत्या म्हणून वाकून विचारले, "काय नाव ठेवू?"

"भाऊरावच ठेव. पेटीवर तेच रंगवलेलं आहे."

घुगऱ्या वाटल्या. बाळाला पहिला घास बापाने भरवायचा. अच्युतने घास इतक्या घाईने पुढे केला की निम्म्या घुगऱ्या कुंचीत गेल्या. मामांनी बोटांनी त्या वेचून खाल्ल्या आणि म्हणाले, "मीठ कमी आहे." सर्वांनी ऐकले. दिवाकरराव बाहेर जाऊन उभे राहिले. मीही थोडा वेळ बाहेर होते. धूर फार झाला होता.

पुढे काय, ते दोघे ठरवतील. मामांना इथेच राहायचे आहे, पत्त्यांचा डाव अर्धा आहे म्हणतात. पण दर महिन्याला कोणीतरी यावे अशी अट आहे. या महिन्याचे काम झाले. पुढच्या महिन्यात तू ये.

मामांनी जन्मभर कोर्टात नाझराचे काम केले. जप्तीचा माल असो की परतीचा, पावती लिहिल्याशिवाय त्यांनी काही घेतले नाही. आजही घेतले नाही. पावतीची नक्कल तुझ्या माहितीसाठी खाली देते.

विनता

*

पावती

मी खाली सही करणार भाऊराव, निवृत्त नाझर, वय आजपासून नवीन, लिहून देतो की विनताबाई यांजकडून मला आज रोजी खालील माल समक्ष मिळाला.

मुलगा एक, नाव अच्युत. डोक्यावरचे केस अपुरे, आवाज बसलेला, बाकी स्थिती चालू. मूळ माल हाच, ओळख पटली.

आंब्याच्या लोणच्याची बरणी एक. वाटेत हिंदकळल्यामुळे तोंडाशी तेलकट, आतून शाबूत.

त्याबदली तपकिरीची डबी एक विनताबाईंच्या ताब्यात दिली. आत पोस्टकार्डांचे फाडलेले कोपरे, सर्वांचे. यापुढे कोणाचा कोपरा फाडणार नाही असे तोंडी कबूल केले आहे. पुंडलिकरावांनी कबूल केलेले नाही.

माझ्या कार्डाचा कोपरा डबीतून वेगळा काढून मुलाच्या हाती दिला. बाकीचे कार्ड त्याच्याकडे आहे का, असे विचारले. नाही म्हणाला. त्यावर काय लिहिले होते ते मी त्याला तोंडी सांगितले.

माल परत करण्याची मुदत: मंगळवारची गाडी.

सही, भाऊराव